नंदाताईंची साखर

नंदाताईंचं गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं आणि सभागृहात तीन फोन एकदम कोकलले. एक त्यांच्याच पर्समधला, दुसरा सुगतचा, तिसरा सूनबाईंचा, म्हणजे क्षमाचा.

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची सगळी ओळखीची मंडळी बुद्धपौर्णिमेला जमली होती. त्यांच्यादेखत सुगत उठला आणि तडक स्टेजपाशी आला.

"आई, खाली ये. दोनशे साठ झालीय!"

माइक चालूच होता. आईची साखर अख्ख्या सभागृहाला कळली. कुणी पाणी आणलं, कुणी मेथीदाणे सुचवले; घटकाभरात सगळेच डॉक्टर झाले.

"खीर खाल्लीस ना?"

"चाखली. एवढ्या माणसांची खीर न चाखता करू?"

"गेनाऊ! अगदी तेच म्हणतोय मी," सुगतचं जर्मन सुटलं. "चल घरी."

दंडावरचं, साखर मोजणारं ते नाण्याएवढं यंत्र आलं तेव्हा नंदाताईंनीच त्याचं कौतुक केलं होतं. बोट टोचणं सुटलं होतं. पण आकडे मुलगा-सुनेच्या फोनवरही जाऊ लागले, आणि घरात त्यांना कुणी काही विचारीनासं झालं. सुगत ऑफिसातून फोन करायचा तो "एकशे ऐंशी, काय खाल्लंस?" एवढ्यासाठी. नवऱ्याच्या, रामदासांच्या पुण्यतिथीला त्या आठवणीने दिवसभर खोलीत रडत बसल्या. साखर जागेवर होती, म्हणून दार कुणी वाजवलं नाही.

हे गाणं रामदास पेटीवर साथ करायचे तेव्हाचं. ते गेल्यावर आज त्या पहिल्यांदा गायला उभ्या राहिल्या होत्या. आता मात्र त्यांचं डोकंच फिरलं.

"गोळी घेतलीय. चक्कर नाही, काही नाही. साखर माझी आहे, सुगत. तू बस. गाणं पुरं झाल्याशिवाय मी हलायची नाही."

सुगत बसला. शेवटच्या कडव्यात सूर जरा हलला, पण गाणं पुरं झालं.

घरी आल्यावर सुगत फोन चाळत म्हणाला, "आई, तुझे आकडे येत नाहीयेत."

"माझ्या फोनवर येताहेत. तुम्हाला जाणारे बंद केलेत मी."

"अहो आई, रात्री काही झालं तर?" क्षमा घाबरली.

"हाक मारीन. दार उघडं ठेवते."

"आल्झो, म्हणजे मला ऑफिसात कसं कळणार?"

"फोन कर. विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आई..." सुगत म्हणाला, आणि अडला. आकड्याशिवाय सुरुवात कुठून करायची हे त्याला सुचेना. नंदाताईंनी मुळीच मदत केली नाही.

"आई, कशी आहेस?"

नंदाताईंनी खुर्ची ओढली आणि नीट बसल्या.

"तुझ्या बाबांची फार आठवण येते रे," त्या म्हणाल्या.