उरलेलं कडं

मी एक जुनी लेन्स आहे. हल्ली माझं फार कौतुक होतं, मित्रांनो, आणि त्या कौतुकाचा मला मनापासून राग येतो. का, ते सांगते. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांना माझा आवाज कधी पोचला नाही, तुम्ही तरी ऐका.

जर्मनीच्या पूर्व टोकाला नाइसे नावाची नदी आहे. तिच्या काठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात तीन भिंगं आहेत. पुढचं आणि मागचं फुगीर, मधलं दोन्ही अंगांनी खोलगट. या मधल्या भिंगाची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जास्त खोल आहे. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून मला जोडणाऱ्या बाईने त्याच्या कडेवर पेन्सिलीने एक बारीक बाण काढला होता. बाणाचं तोंड पुढे, म्हणजे भिंगाचं तोंड पुढे. मग पुढच्या आणि मधल्या भिंगामध्ये तिने पितळेचं एक पातळ कडं बसवलं. दिसायला अगदी क्षुल्लक. पण दोन भिंगांमध्ये हवं तितकंच अंतर राखण्याचं काम त्याचं होतं, आणि माझी सगळी नजर त्या अंतरावर अवलंबून होती.

कारखान्यातून मी गावातल्याच हनेलोरेच्या स्टुडिओत आले. तेव्हा ती तरुण होती. लग्नं, गायनमंडळं, निवृत्तीचे समारंभ, सगळं आम्ही दोघींनी काढलं. पण आमची खरी धांदल असे ती शाळेच्या पहिल्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक मुलाला खाऊने भरलेला पुठ्ठ्याचा मोठा कोन मिळतो. काही मुलं त्या कोनाहून लहान असतात. कोन कवटाळून फोटो काढल्याशिवाय शाळा सुरू झाली असं कोणी मानत नाही.

"कोन जरा खाली धर बाळा," हनेलोरे म्हणायची. "नाक दिसू दे. की नाक घरीच विसरून आलास?"

मूल हसलं की माझी झडप उघडायची. हनेलोरेच्या फोटोत अगदी टोकाला उभ्या असलेल्या मुलाच्याही पापण्या दिसतात, असं लोक म्हणत. मधला चेहरा कोणीही काढतं, मित्रांनो. लेन्सची लायकी कडेला कळते. मला त्याचा गर्व होता, आणि तो खोटा नव्हता.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. हनेलोरे कायम माझ्या मागे असायची. तिची मुलगी बिर्गिट पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हाही, आणि पुढे बिर्गिटची मुलगी गेली तेव्हाही. तिच्या बोटांची पकड मला पाठ होती, पण तिचा चेहरा मी एकदाही टिपला नव्हता. अर्ध्या गावाच्या भिंतींवर तिने काढलेले फोटो होते आणि स्वतःच्या घरातल्या एकाही फोटोत ती नव्हती.

पुढे पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली सीमा उघडली. लोकांनी पश्चिमेकडून चकचकीत नवे कॅमेरे आणले. स्टुडिओ ओस पडला, मग बंद झाला. मला एका कपाटाच्या खणात ठेवलं गेलं. त्या कपाटामागची भिंत ओलसर होती. माझ्या भिंगांवर बुरशी चढली. वर्षानुवर्षं मला कोणी उजेड दाखवला नाही. तेव्हा मी हनेलोरेवरही रागावले होते. आता वाटतं, त्या खणात होते तेव्हा निदान मी शाबूत होते.

मग बिर्गिटची नात मेर्ले शाळेत जायची झाली. एका रविवारी कॉफी पिताना हनेलोरे म्हणाली, "या खेपेला फोटोत मी बसणार. आणि फोटो माझ्याच लेन्सने काढायचा."

"आई, मोबाइलवर काढू की. लगेच बघता येतो," बिर्गिट म्हणाली.

"लगेच दिसतो आणि लगेच हरवतो. मागच्या नाताळचे फोटो कुठे आहेत, दाखव बघू."

बिर्गिटने उठून खण उघडला. मला खणातून बाहेर काढलं, तेव्हा बुरशी पाहून ती म्हणाली की ड्रेस्डेनला एक जाणकार आहे, त्याच्याकडे पाठवू. हे ऐकून डेटलेफला राग आला. डेटलेफ म्हणजे हनेलोरेच्या भावाचा मुलगा. जन्मभर बस दुरुस्त करत आला होता.

"परक्याकडे कशाला? गाडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला तेव्हा बायकोचा मोजा बांधून समुद्रापर्यंत गाडी नेलीय मी."

"नेलीस ना," हनेलोरे म्हणाली, "आणि बायको आगगाडीने परत आली."

सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझं नशीब डेटलेफच्या हाती गेलं. त्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. आमच्याकडे एक काळ असा होता की दुकानात साधा स्क्रू मिळत नसे. म्हणून घरोघरी काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी जुन्या स्क्रूंनी भरलेली असे आणि जो तो स्वतःच्या हाताने सगळं जोडत असे. तो काळ गेला, पण बरण्या राहिल्या, आणि आपल्याला सगळं येतं हा भरवसाही.

डेटलेफने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडलं. भिंगं स्पिरिटने पुसली. बुरशी निघाली, मला पुन्हा उजेड दिसला आणि क्षणभर मी त्याला मनातल्या मनात दुवा दिला. मग मधल्या भिंगाच्या कडेवरचा बाण त्याच्या नजरेस पडला.

"इथेही मळ आहे," असं पुटपुटत त्याने तो पुसून टाकला. नंतर भिंग दोन्ही बाजूंनी उलटसुलट पाहिलं. दोन्ही बाजू त्याला सारख्याच वाटल्या. त्याने ते बसवलं, उलटं बसवलं. सगळं आवळून झालं तरी पितळेचं कडं वर्तमानपत्रावर तसंच पडलं होतं.

"एक तुकडा उरला म्हणजे काम झकास जमलं," तो स्वतःशीच हसला. हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. कडं बरणीत गेलं.

मला परत आणून दिल्यावर हनेलोरेने विचारलं, "चित्राच्या कडा पाहिल्यास का?"

"आत्या, चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ वाचून आलोय तिच्यातून."

"घड्याळ तू मधे धरलं असशील. मी कडांचं विचारतेय."

"पाहिल्या गं बाई, पाहिल्या."

त्याने पाहिल्या नव्हत्या. आणि हनेलोरेच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू होता, तिला विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

शाळेच्या पहिल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. बागेत बटाट्याचं सॅलड आणि आलुबुखाऱ्याचा केक मांडला होता. सफरचंदाच्या झाडाखाली मेर्ले कोन घेऊन मधे उभी राहिली, एका बाजूला बिर्गिट आणि दुसऱ्या बाजूला अगदी टोकाला वेताच्या खुर्चीत हनेलोरे. तिने निळा झगा घातला होता, ओठांना रंग लावला होता. उजेड कमी म्हणून डेटलेफने माझं तोंड पूर्ण उघडं ठेवलं.

"आत्या, हस की जरा."

"आयुष्यभर लोकांना हे सांगत आले," हनेलोरे म्हणाली. "किती अवघड असतं ते आत्ता कळतंय."

आणि ती हसली. मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. मला तो जसाच्या तसा धरून ठेवायचा होता, तिच्या पापण्यांसकट. पण प्रकाश माझ्या आत शिरला आणि मधल्या भिंगाशी वाकडा झाला. मला ते तत्क्षणी कळलं. मी काहीच करू शकत नव्हते. डेटलेफलाही कडेला काहीतरी फिसकटलेलं दिसलं, पण कॅमेऱ्यातली बघायची काच मळली असेल असं समजून त्याने खटका दाबला.

फोटो धुऊन आला. मेर्ले लख्ख आली होती, कोनावरची चांदणी न् चांदणी दिसत होती. तिच्याभोवती मात्र सगळं गरगरत होतं. पानं भोवऱ्यात सापडल्यासारखी, आणि टोकाला हनेलोरेच्या जागी एक निळा फराटा. चेहरा नव्हताच.

हनेलोरेने फोटो डोळ्याजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"मधलं भिंग उलटं बसलंय," ती म्हणाली. "आणि कडं कुठे गेलं, डेटलेफ?"

"कुठलं कडं?"

तिने मेर्लेच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "पोरगी छान आलीय."

"परत काढू ना आत्या. येत्या रविवारी लेन्स नीट करतो."

"कोनातला खाऊ खाऊन संपला. पोरीचा पुढचा दातही पडला. पहिला दिवस आता कुठून आणशील? पण लेन्स नीट कर. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी कर."

त्या रविवारी डेटलेफला छपराचं काम निघालं. पुढे गाडीला बर्फात चालणारी थंडीतली चाकं लावायची होती. हनेलोरेने पुन्हा आठवण केली, तो पुन्हा रविवार म्हणाला. नोव्हेंबरात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. चर्चमध्ये शवपेटीशेजारी ठेवायला फोटो शोधले, एकही सापडला नाही. शेवटी ओळखपत्रावरचा, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसणारा फोटो मोठा करून लावला. सगळ्या गावाचे चेहरे जपणाऱ्या बाईच्या वाट्याला हे आलं.

वसंतात डेटलेफने मला विकायला काढलं. लाइपत्सिगहून एक तरुण आला. त्याने मला आपल्या नव्या कॅमेऱ्याला लावून पाहिलं आणि त्याचे डोळेच चमकले. मग त्याचं लक्ष भिंतीवर लावलेल्या मेर्लेच्या त्या फोटोकडे गेलं.

"हा याच लेन्सने काढलाय? मागचं सगळं काय सुंदर फिरलंय! मुद्दाम केलंत का?"

डेटलेफने फोटोवर नजर टाकली. "मुद्दामच," तो म्हणाला. "मधलं भिंग उलटं बसवलंय. सगळ्यांना नाही जमत ते."

बिर्गिट दारातच उभी होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेली.

"आणि कडेची ही निळी आकृती," तरुण म्हणाला, "ही तर कमाल आहे."

मेर्ले जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. तिने मान वर केली.

"ती आकृती नाही. ती माझी पणजी आहे."

आता मी त्या तरुणाकडे असते. हजारो अनोळखी माणसं माझे फोटो बघून वाहवा करतात, जुन्या काचेची जादू म्हणतात. दुरुस्तीसाठी मला कोणाला हातही लावू देणार नाही, असं तो अभिमानाने सांगतो. माझी मोडलेली नजर हीच आता माझी किंमत आहे.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू उघडलीत तर तिच्यावरची खूण पुसण्याआधी ती कोणी आणि कशासाठी केली ते विचारा. तुकडा उरला तर हसू नका, पुन्हा उघडा. आणि येत नसेल तर येत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. माझं कडं अजून डेटलेफच्या बरणीत गंजक्या स्क्रूंखाली पडलेलं आहे. ते आता परत बसवलं तरी मी कोणाचा चेहरा काढू?