खोडलेल्या ओळी

कवीच्या मुलीच्या त्या पत्राला अनुवादकाने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र चार ओळींचं होतं: ‘बाबा तुरुंगातच वारले. घरातले सगळे कागद शिपायांनी अंगणात जाळले. तुमच्याकडे पाठवलेलं कवितांचं हस्तलिखित तेवढं उरलं आहे. कृपया परत करा.’

हस्तलिखित होतं, पण ते हातात घेतलं की म्हाताऱ्या अनुवादकाला दरदरून घाम फुटे. मुळात स्वभाव संशयी. एकेका ओळीपाशी तो शंभरदा माघारी यायचा आणि पुस्तक काही हातावेगळं व्हायचं नाही. म्हणून त्याने एक रीत पाडून घेतली होती. ओळ आपल्या भाषेत उतरली की मूळ ओळीवर जाड शाईची पट्टी ओढायची. परतीची वाटच बंद! छापील पुस्तकांचं त्याने काही बिघडत नव्हतं. या खेपेला मात्र दुसरी प्रत कुठेच नव्हती. पानं दिव्यासमोर धरली तरी पट्ट्यांखालचं अक्षर दिसेना.

“दादा, मग उलटं कर की,” धाकटी बहीण म्हणाली. “तुझ्या अनुवादावरून पुन्हा त्यांच्या भाषेत. एवढी वर्षं काय झोपा काढल्यास?”

त्याने तेही केलं. स्वच्छ टाइप केलं, वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. कवी शिवी हासडल्यासारखा लिहायचा. हे रजेच्या अर्जासारखं झालं होतं.

“पाठव तसंच. पोरीला काय कळतंय?”

“नाही कळलं तर जास्त वाईट. माझ्या ओळी बापाच्या म्हणून पाठ करील ती. शिपायांनी कागद जाळले गं, मी माणूसच बदलून टाकीन.”

“आणि खरं लिहिलंस तर?”

“तर तिच्याकडे काहीच उरणार नाही.”

“म्हणजे दोन्हीकडून मरणच की रे.”

टाइप केलेले कागद त्याने बारीक फाडले. मग लिहिलं: ‘तुमच्या वडिलांच्या ओळी मी माझ्या हाताने झाकल्या. सोबतचं पुस्तक माझ्या भाषेतलं आहे, ते त्यांचं समजू नका. हस्तलिखितात वाचता येतात त्या फक्त त्यांनी स्वतः नापसंत करून एका बारीक रेघेने खोडलेल्या ओळी. त्यांचा अनुवाद करायचा नव्हता, म्हणून त्या माझ्या हातून सुटल्या.’

पोस्टातल्या कारकुनाने हस्तलिखिताचं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. “आत किमती काही?”

म्हाताऱ्याने काट्यावरच्या पाकिटावर हात ठेवला आणि तो उचलेना.

“आजोबा, आटपा की!” मागची बाई करवादली.

“टाका,” तो म्हणाला. कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात फेकलं.