हायड्रोजनविना वीस मिनिटं

मी तांब्याची पट्टी बोलतेय. बोटाएवढी लांब, कागदासारखी पातळ. जरा भरभर बोलते, कारण माझ्याकडे वेळ थोडा आहे.

कारखान्यात रोलरखाली लाटली गेले, गुंडाळीतून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आले आणि मैत्री नावाच्या एकीच्या कात्रीखाली सापडले. बिबवेवाडीची ही संशोधक मुलगी. दार आपटलं तरी दचकते. दोन वर्षं ती माझ्या बहिणींच्या पाठीवर ग्राफीन वाढवत होती, म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर. हवे होते मोजके, मोठे स्फटिक. पण दरवेळी शेकडो बारीक ठिपके उगवायचे, एकमेकांना भिडायचे आणि नुसती ठिगळांची गोधडी व्हायची.

"शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदलू," तिच्या मार्गदर्शक भाग्यश्री मॅडम म्हणाल्या होत्या.

गुरुवारी तिनं मला आम्लात धुतलं, पुसलं, परत धुतलं.

"दिवाळीची भांडी घासतेयस का?" शेजारच्या टेबलावरून तेजसनं टोमणा मारला.

मला काचेच्या नळीत सरकवून तिनं भट्टी लावली. गॅस गळत नाही ना, म्हणून सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. तरी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही. या धास्तीत हायड्रोजनचा व्हॉल्व्ह उघडायचाच राहिला! मी नुसत्या आर्गॉन या निष्क्रिय वायूत तापत होते; हायड्रोजन जो ऑक्सिजन पुसून काढतो, तो अंगावर तसाच चिकटलेला. ओरडणार कशी? वीस मिनिटांनी तिच्या लक्षात आलं. "अगं आई गं!" म्हणत तिनं व्हॉल्व्ह फिरवला. मग मिथेन आला आणि त्यातला कार्बन माझ्यावर उतरला.

शुक्रवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आठच स्फटिक! षटकोनी, खसखशीएवढे मोठे. त्या ऑक्सिजननं कार्बनला रुजायला जागाच मोजक्या ठेवल्या होत्या.

"वहीत नेहमीचंच लिही. चूक कशाला सांगतेस?" तेजस कुजबुजला.

माझा जीव टांगणीला लागला. थर सोडवायला मला विरघळवणार; मग त्या वीस मिनिटांना साक्षीदार कोण? आणि खोटं लिहिलं, तर हे पुन्हा कुणाला जमेल?

मैत्री उठून मॅडमच्या टेबलाशी गेली. "मॅडम, हायड्रोजन सोडायला विसरले होते. वीस मिनिटं."

मॅडमनी चष्मा काढला. "वीस? नक्की?"

"हो मॅडम."

"मग आज पुन्हा विसर. घड्याळ लावून."

आता मी द्रावणात तरंगतेय. कडा झिजल्यात, पाठीवरचा थर सुटू लागलाय. पलीकडे मैत्री नवी पट्टी कापतेय, दोनदा मोजून. बाई गं, तिच्यावर पुन्हा शेकडो ठिपके उगवले तरी घाबरू नकोस. जे घडेल ते लिही. वाडग्यातलं पाणी निळं होत चाललंय ना, ती मीच.