आईचा हुंकार आणि अठरा इंची स्पीकर

मुरगूडच्या पुढच्या माळावर दर मंगळवारी माणसांची नुसती रीघ. चौथऱ्यावर देवीचा मुखवटा, समोर पाचशे माणसं चिडीचूप. आणि एकदम छाती हलायची! कानाला आवाज जवळजवळ नाहीच. पण बरगड्या थरथरायच्या, समईची ज्योत डुलायची, चौथऱ्याच्या पायथ्याला असलेल्या भोकातून वारा सुटायचा. बायका त्या वाऱ्याला पदर लावायच्या. आईचा श्वास म्हणे!

"गप! आई काळजात उतरायलीया," हुंकार महाराज डोळे फिरवायचे. "मन साफ असंल त्यालाच कळंल. बाकीच्यास्नी नुसता गॅस वाटंल!"

म्हणजे शंका घेणारा आपोआप अपचनाचा रोगी. काय डोकं!

मी केरबा. कोल्हापुरात वीस वर्षं अॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. या आईशी माझं भांडण एकाच कारणानं, माझी थोरली बहीण आक्काताई. तिच्या हृदयाची झडप आवळली होती. पुढच्याच गुरुवारी ऑपरेशन ठरलेलं. महाराजांनी सांगितलं, "आठ मंगळवार हुंकार घे, झडप आपसूक उघडंल. गोळ्या बंद." आक्कानं गोळ्या चुलीत टाकल्या.

चौथऱ्याशेजारच्या फळ्यावर हुंकाराच्या वेळा लिहिलेल्या. गेल्या आठवड्यात सकाळी, या आठवड्यात दुपारी. साल २००५. मी गावाच्या लोडशेडिंगचं वेळापत्रक त्याला ताडून पाहिलं. वीज गेली की आई झोपायची!

ऑपरेशनच्या आधीच्या मंगळवारी भोकाला हात लावला. वारा बाहेर येत होता, तसा आतही जात होता. असली भोकं मी शेकडो बॉक्सना पाडलीत. सरळ मागं गेलो आणि चौथऱ्याची फळी उपसली. आत कपाटाएवढा लाकडी बॉक्स, अठरा इंची स्पीकर, टेप आणि एकट्याला न उचलवणारा अॅम्प्लिफायर.

"आरं, स्पीकर असता तर कान फुटलं असतं की!" महाराजांचा चेला जोतीराम ओरडला. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतींनी आमच्या लोकांना तेवढंच शिकवलंय.

"ऐका," मी म्हणालो. "स्पीकरच्या पडद्याम्होरचा वारा आन मागचा वारा एकमेकांला मारत्यात. म्हणून मागचा बॉक्सात कोंडायचा. भोक मापात असलं की त्योच उलट मदतीला येतो. हे बटन वरचं सगळं सूर गाळतंय, आन जड अॅम्प्लिफायर खालचा सूर न दमता ढकलतोय. इतका खालचा सूर कुठनं येतोय, ते कानाला कळतच न्हाय!"

मी बटण फिरवलं. हुंकाराचा झाला ढोल, आणि ढोलामागून महाराजांचा घोगरा आवाज: "जोत्या, दार लाव की, रेकॉर्डिंग चालू हाय!"

अख्खा माळ हसला. मला वाटलं, जिंकलो.

महाराज शांतपणे उठले. "व्हय, मशीन हाय. तुम्ही फोनवर लेकीशी बोलता, तवा लेक काय फोनात बसलेली असती?"

हसू थांबलं. एक म्हातारी पुढं आली, तिनं अॅम्प्लिफायरला हळदकुंकू लावलं. मागं रांग लागली. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं मला.

"आक्का, तू तरी ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की. कळतंय मला, केरबा." ती माझ्याकडं बघत नव्हती. "पर डॉक्टर छाती फाडणार. हितं नुसतं बसायचं. लई भ्या वाटतंय रं."

मी चिडलो, ओरडलो, चारचौघांत तिला अडाणी म्हणालो. गुरुवार तसाच गेला.

सहाव्या मंगळवारी हुंकार चालू असतानाच आक्का कलंडली, ती परत उठलीच नाही. लोक म्हणाले, आईनं पदरात घेतलं. रांग आता दुप्पट झालीय. बॉक्सही दुसरा आणलाय, पहिल्यापेक्षा चांगला.

छाती हलली म्हणजे ती बरी झाली असं नाही, बाबांनो. फळी उपसून बघत जा. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. आणि घरातलं माणूस घाबरलं असेल तर त्याच्यापाशी बसा, त्याला काय वाटतंय ते विचारा. मला मशीन उघडता आलं. आक्कापाशी बसायचं सुचलं नाही.