खडेबाईंनी पुसलेलं वाक्य

"खडेबाई, हिची खोट पकडून दाखवा," साहेबांनी हसत चष्मा पुढे केला.

माणसाचे फोन, खरेदी, औषधं, विजेचा वापर असं सगळं चाळून कंपनी त्याची घरासकट हुबेहूब नक्कल बनवत असे; तिला 'खोली' म्हणत. चष्मा डोळ्यांवर चढवला की तो माणूस समोर उभा राहून बोलू लागे. पूर्वी गेलेल्यांच्याच खोल्या निघत. आता मुलांना सवड नाही म्हणून जिवंत आईबापांच्याही निघू लागल्या होत्या. धान्यातले खडे निवडावेत तशी तो माणूस कधी बोलणार नाही अशी वाक्यं शोधून पुसायची, हे बाईंचं काम. गिऱ्हाईक कोण, ते त्यांना कळत नसे.

चष्म्यात त्यांचंच स्वयंपाकघर होतं. ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बाई वळली. त्या स्वतः खडेबाईच होत्या.

"जेवलीस का गं?" तिनं विचारलं.

म्हणजे हे दूरदेशीच्या लेकीनं मागवलं होतं तर! एवढी आठवण येते तर तिकीट काढावं की, मेलीनं. पण काम ते काम. "कशी आहेस, आई?" बाईंनी लेकीच्या वतीनं विचारलं.

"खरं सांगू? तुझे बाबा गेल्यापासून मला या घरात भीती वाटते. रात्रभर दिवे चालू ठेवते. तू ये गं."

हे बाई कधीच कुणाला बोलल्या नव्हत्या. विजेच्या वापरावरून, झोपेच्या गोळ्यांवरून यंत्रानं ते खणून काढलं होतं.

"सापडली खोट?" साहेबांनी विचारलं.

वाक्य राहिलं तर लेक धावत येईल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण लेकीपुढे रडगाणं त्यांनी जन्मात गायलं नव्हतं.

"एक आहे. ही बाई असलं बोलायची नाही," त्या म्हणाल्या आणि ते पुसून तिथे 'मी अगदी मजेत' घातलं.

पुढे एका रविवारी लेकीचा नेहमीचा फोन आलाच नाही. वाट पाहून बाईंनीच लावला.

"अगं आई, मघापासून बोलतोय ना आपण?" लेक म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तू मजेत आहेस, मग या सुट्टीतलं येणं पुढे ढकलते. चालेल ना?"

या वेळी 'ये' म्हणायचंच, असं ठरवून बाईंनी तोंड उघडलं.

त्याआधीच लेकीच्या मागून त्यांचाच आवाज आला, "चालेल गं बाळा. तू तुझं बघ."

"बरं, ठेवते हं," लेक म्हणाली. हे ती कोणाला म्हणाली, ते बाईंना कळलं नाही.