परीक्षेला बसलेल्या इंदुबाई

नूतन म्हात्रे किर्गिझस्तानातून डॉक्टर होऊन आली, तेव्हा पेणच्या खाडीकाठच्या तिच्या गावाला वाटलं, झालं, आता दवाखान्याची पाटी लागणार. पण कसलं काय! बाहेर शिकलेल्यांना इथे आधी एक परीक्षा द्यावी लागते, तीत भल्याभल्यांची दांडी गुल होते. ती पार पडली की वर्षभर हॉस्पिटलात उमेदवारी, आणि तिथेही कुणी ना कुणी तपासायला टपलेलंच. मिठागरावरच्या बायका तिच्या आईला विचारायच्या, "पोरीची परीक्षा संपली का गो?" आई म्हणायची, "संपली होती, परत लागली." शेवटी गावाने एवढंच धरून ठेवलं की नूतनभोवती चार डॉक्टर जमले म्हणजे परीक्षा चालू आहे.

उमेदवारी रोह्याला, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात होती. बाकीचे तिला 'फॉरेनवाली' म्हणून चिडवत. डॉ. नमिता मॅडम मात्र शेजारी उभं करून शिकवत. पोट कसं चाचपायचं, नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगायची, आणि खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठचा पेशंट "बरं हाय" म्हणाला तर त्यावर मुळीच विसंबायचं नाही, हे सगळं त्यांनीच शिकवलं. डब्यातली भाकरी अर्धी करून तिला देत. नूतनने त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. शिकवणाऱ्यावर नाही टाकायचा तर कुणावर टाकायचा?

गावच्या इंदुबाई आपल्या नूतनचं हॉस्पिटल म्हणून पेण सोडून रोह्याला आल्या. मिठागरात पायाला झालेली जखम चिघळून ताप भरला होता. मॅडम गाडीची किल्ली हातात घेऊन वॉर्डाच्या दारात उभ्या. कोलाडला त्यांचा स्वतःचा दवाखाना होता आणि उशीर झालेला.

"अँटिबायोटिकचं इंजेक्शन दे तिला."

"मॅडम, आधी हातावर थोडंसं टोचून टेस्ट करून बघू ना?"

"काही होत नाही गं. दे पटकन." आणि त्या गेल्या.

सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या. नूतनने इंजेक्शन दिलं. हट्ट धरून थांबायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. बघता बघता इंदुबाईंच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. नूतनने धावपळ करून रिअॅक्शनवरचं औषध टोचलं, ऑक्सिजन लावला. इंदुबाई वाचल्या.

ट्रस्टने चौकशी बसवली. नूतनने मनानेच इंजेक्शन दिलं असं ठरलं, तर तिची उमेदवारी बाद होणार होती, आणि उमेदवारी बाद म्हणजे डॉक्टर म्हणून नोंदणी नाही. "घाबरू नकोस, मी आहे ना," मॅडम पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. नूतनला त्या हाताने रडू आलं होतं.

चौकशीत तिने घडलं ते सांगितलं. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी इंजेक्शन द्यायला सांगितलंच नव्हतं. बाहेर शिकलेली मुलं जरा घाई करतात, सर." नूतनला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. चौकशी समितीच्या अध्यक्षांनी पेशंटला बोलावलं.

इंदुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. ताठ उभं राहून त्यांनी सांगितलं, "मॅडमनी काय बी सांगितलं नाय. सगलं आमच्या नूतननंच केलं, तिच्या मनानं. कोनाला इचारलं बी नाय." आणि नूतनकडे बघून अशा हसल्या, जणू तिला शाबासकीच देत होत्या.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिचा हात धरला. "झालीस ना गो पास?"

"मावशी, असं का बोललात? मॅडम दारात होत्या. तुम्ही ऐकलं होतंत."

"ऐकलं व्हतं. पन तुझ्या मॅडमच सकाली बोलल्या, नूतनची शेवटची परीक्षा हाय, सगलं तिनं एकटीनं केलं असं सांग, म्हंजे पास करतील."

नूतन इतक्या वर्षांत कुणावर चिडली नव्हती, तेवढी त्या क्षणी चिडली. मॅडमना आपल्या बाजूने खोटं बोलायला दुसरं माणूस मिळालं नव्हतं. मिळालं ते नेमकं तिच्यावर जीव टाकणारं. तिने इंदुबाईंना तसंच आत नेलं.

"सर, यांना पढवून पाठवलं होतं. मॅडमनी." मग ती वळली. "मावशी, खरं काय झालं ते सांगा."

इंदुबाई गडबडल्या, पण बोलल्या, "मॅडम व्हत्या दारात. त्यांनीच सांगितलं सुई दे म्हनून."

"सर, ती बिचारी घाबरलीय," मॅडम हळुवार आवाजात म्हणाल्या. बिचारी म्हणजे नूतन.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, मघाशी एक सांगितलंत, बाहेर हिच्याशी बोलून आलात आणि आता दुसरं सांगता. दोन्हीतलं खरं कुठलं?"

इंदुबाईंनी एकेका डॉक्टरकडे पाहिलं. एवढी अवघड परीक्षा असेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या सगळ्यांदेखत नूतनकडे वळल्या आणि काकुळतीने म्हणाल्या,

"कुठलं सांगू गो? कशानं पास व्हशील तू?"