पिराजी महाराजांची समाधी

पिराजी चौगुले आयुष्यभर कुणाच्या नजरेत भरला नाही. वारणानगरला कारखान्यात टाइमकीपर होता. सगळ्यांची हजेरी त्यानं मांडली, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देताना साहेबांनी त्याचंच नाव चुकीचं वाचलं. त्यानंही ते दुरुस्त केलं नाही. पुढं बायको शालूबाईला घेऊन तो उचगावात दोन खोल्या बांधून राहायला आला. एकुलती लेक लग्न होऊन जयसिंगपूरला गेलेली. गल्लीत पाण्यावरून भांडण लागलं तर दोन्हीकडची माणसं त्याला ओलांडून पलीकडच्या घरातून मध्यस्थ बोलावून आणायची.

वेळ जाईना म्हणून तो मोबाइलवर प्रवचनं ऐकू लागला. देह म्हणजे मी नव्हे, आत बसून सगळं बघणारा तो खरा मी, असलं कानावर पडत गेलं आणि त्याला ते मनापासून पटलं. बाहेरच्या पिराजीला कुणी विचारत नव्हतं. आतला कुणी निराळा असला तर बरंच की. सकाळी देवघरापुढं घोंगडं टाकून तो डोळे मिटून बसायला लागला. सुरुवात खरी होती. त्यात ढोंग नव्हतं.

एका एकादशीला त्यानं निर्जळी उपास धरला, पण सवयीनं साखरेच्या दुखण्यावरची रोजची गोळी तेवढी घेतली आणि बसला. बसल्या बसल्या घाम फुटला, अंग पिसासारखं हलकं झालं, डोळ्यांपुढं पांढरंशुभ्र झालं आणि मग काहीच उरलं नाही. शालूबाई परडीतनं फुलं घेऊन आली तर नवरा भिंतीला टेकलेला, मान वर, हाकेला ओ नाही. तिच्या ओरडण्यानं शेजारपाजार गोळा झाला. तिनं त्याच्या हिरड्यांना साखर चोळली, पाठ चोळली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, ते घळाघळा वाहायला लागले आणि तो एवढंच बोलला, "केवढा उजेड हुता."

शेजारची वर्षाराणी शाळेत शिकवायची आणि अशा गोष्टींची तिला भारी ओढ. तिनं हात जोडले आणि काकांना समाधी लागल्याचं सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी शालूबाईनं त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तापलेच. गोळी घेऊन कुणी उपाशी राहतं काय, साखर उतरली होती, आणखी उशीर झाला असता तर माणूस हातचा गेला असता, असं त्यांनी दोघांनाही सुनावलं. पिराजी मान खाली घालून ऐकत राहिला. घरी परतले तर दारात चपलांचा ढीग. वर्षाराणीनं गल्लीतल्या बायका आणल्या होत्या, दोन-तीन पुरुषही होते. त्यानं पायताण काढायच्या आधीच तिनं वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

शालूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. आता हा खरं काय ते सांगेल, असं तिला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं होतं. पण पायावर कुणी डोकं टेकलं की आतून काय होतं, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "बसा."

तिथनं पुढं दर गुरुवारी बैठक भरायला लागली. कुणीतरी खुर्ची आणली, कुणी तिच्यावर शाल टाकली. पिराजी फार बोलत नसे; बोलता येत नव्हतं म्हणून. पण गप्प बसण्यालाही आता वजन आलं होतं. पोरीचं लग्न, भावकीतली भांडणं, दारू सुटत नाही, असं काय काय लोक विचारायचे आणि तो मोबाइलवर ऐकलेलं थोडं थोडं वाढायचा. देह हे वस्त्र आहे. दुखतं ते देहाला, तुला नव्हे. लोक माना डोलवायचे. सकाळी मात्र स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेऊन शालूबाई त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि तो ती गिळायचा. त्या वेळी दोघं एकमेकांकडं बघत नसत.

ज्ञानू लोहार हा त्याचा कारखान्यातला जुना सोबती. गावात त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. पिराजीची थट्टा करणारा जगात तेवढा एकच माणूस, आणि थट्टा करणाऱ्याला आपण दिसतो तरी, म्हणून पिराजीला तो आवडायचा. तोही गुरुवारी यायला लागला. पहिल्यांदा मागं भिंतीला टेकून गालात हसत बसायचा. मग हसायचा थांबला. मग त्यानं पिराजीला 'पिरा' म्हणायचं सोडलं आणि सगळ्यांसारखं 'महाराज' म्हणायला लागला. ते पिराजीला पहिल्या दिवशी टोचलं; दुसऱ्या खेपेला गोड लागलं.

ज्ञानूलाही साखर होती आणि त्याची फार वाढलेली. रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. त्यात पायाच्या अंगठ्याला तापलेल्या पत्र्याचा चटका बसून जखम झाली होती. एका गुरुवारी खोली माणसांनी भरलेली असताना त्यानं हात जोडून विचारलं, "महाराज, ह्या सुयांचा लई कंटाळा आलाय. किती दिस टोचून घ्यायच्या?"

पिराजीला उत्तर माहीत होतं. डॉक्टरला विचार, एवढे दोन शब्द. पण सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, जयसिंगपूरहून आलेले दोन नवे पाहुणे पुढं बसले होते, आणि डॉक्टरला विचार म्हणणारा महाराज कुणी कधी बघितलाय? तो मंद हसला आणि म्हणाला, "देहाचं दुखणं देहापाशी. तू कशाला त्यात गुतून पडतोस?"

ज्ञानूनं सावकाश मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो काय समजला, हे पिराजीला त्याच क्षणी कळलं. हाक मारून थांबवायला वेळ होता. पण पुढचा माणूस बोलायला लागला होता, आणि पिराजीनं त्याच्याकडं तोंड वळवलं.

त्यानंतर ज्ञानू बैठकीला दिसेनासा झाला. पिराजीनं चौकशी केली नाही. काम असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग एके दुपारी शालूबाई दळण घेऊन आली ती डबा दारातच ठेवून उभी राहिली. गिरणीत तिला कळलं होतं, की ज्ञानूला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलंय. त्यानं सुया बंद केल्या होत्या, पट्टीलाही जात नव्हता. पाय काळा पडला तेव्हा बायकोनं ओढून नेलं. अंगठा आणि शेजारची बोटं काढावी लागली.

"चला," ती म्हणाली. 

वॉर्डात ज्ञानू उशीला टेकून बसला होता. पाय पांढऱ्या बँडेजात गुंडाळलेला. त्याची बायको धोंडुबाई स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. पिराजीला बघून ज्ञानूचा चेहरा उजळला. सलाईन लावलेला हात उचलता येईना, तरी दुसरा हात त्या हाताजवळ नेऊन त्यानं नमस्कार केला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तो कौतुकानं सांगायला लागला, की हेच ते महाराज. मग पिराजीकडं वळून म्हणाला, "बोटं गेली महाराज. मी कुटं गेलोय? तुमीच सांगितलंय न्हवं."

पिराजीच्या कानशिलातनं वाफ निघाल्यासारखं झालं. पाया पडून घेतलेले ते सगळे गुरुवार एकदम अंगावर आले. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. हा माणूस बोटं तुटलेल्या पायानिशी त्याचेच उसने शब्द त्याला परत देत होता, आणि तेही भक्तीनं. कुठं बघावं कळेना म्हणून तो बँडेजाकडं बघत राहिला.  शालूबाई मागं उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या, तेवढं त्याला ऐकू आलं.

"ज्ञानू," तो म्हणाला, "मला समाधी न्हवती लागली. साखर उतरलीती. डागदरनं त्याच दिशी सांगितलंतं. मी रोज गोळी खातो. आज बी खाल्लीया."

ज्ञानूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, जणू त्याला काढून ठेवायला जागा सापडत नव्हती. धोंडुबाईच्या हातातलं मोसंबं थांबलं. तिनं पिराजीकडं बघितलंच नाही. ती शालूबाईला म्हणाली, "तुला ठावं हुतं व्हय गं?"

शालूबाईनं पदर तोंडाला लावला आणि होय म्हणून मान हलवली. ज्ञानूनं हळूहळू तोंड भिंतीकडं फिरवलं. मग धोंडुबाईनं दोघांनाही जायला सांगितलं. आवाज चढवला नाही; मुलांना खेळायला बाहेर काढावं, तसं सांगितलं.

त्या गुरुवारी पिराजी खुर्चीत बसला नाही. लोकांपुढं उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली, ज्ञानूच्या पायाचं सांगितलं. त्यानं मधलं काही गाळलं नाही. सांगून झालं आणि त्याला वाटलं, आता चपला पायात घालून जातील, एखादा थुंकेलही. पण कुणीच उठलं नाही. मग वर्षाराणीनं डोळे पुसले. खऱ्या ज्ञानी माणसालाच एवढा नम्रपणा जमतो, दुसऱ्याचं पापही ते आपल्या माथी घेतात, असं ती बाकीच्यांना समजावू लागली आणि पाया पडायला उठली. तिच्या मागं रांग लागली.

पिराजी स्वयंपाकघरात पळाला आणि त्यानं दाराला कडी घातली. बाहेर लोक हळू आवाजात महाराजांचं नाव घेत होते. ओट्याला पाठ लावून तो खाली बसला आणि सवयीनं त्याचे डोळे मिटले. इतके दिवस आत जो साक्षी बसलाय म्हणून तो लोकांना सांगत होता, तो त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. उजेड-बिजेड काही नव्हता. लोकांची डोकी पायावर पडावीत म्हणून हपापलेला, साहेबानं नाव चुकवल्याचं अजून मनात धरून बसलेला एक म्हातारा होता, आणि आता वर्षाराणीचं बोलणं ऐकूनही त्याला कुठंतरी बरं वाटलं होतं. हे शेवटचं त्याला सर्वांत जास्त लागलं. त्यानं डोळे उघडले. पुन्हा मिटले. तो तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची आणि शाल ज्याची त्याला परत केली, बैठक बंद झाल्याचं दारावर लिहून लावलं. तरी काही दिवस लोक येत राहिले. शालूबाई त्यांना दारातनंच परत पाठवायची. हळूहळू वर्दळ कमी झाली. कुणी म्हणालं महाराज एकांतात गेले, कुणी म्हणालं म्हातारा लबाड होता. दोन्ही त्याच्या कानावर आलं. लबाड म्हटलेलं ऐकायला बरं वाटतंय का, हेही त्यानं स्वतःला विचारून बघितलं, कारण आता त्याचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

ज्ञानूला घरी सोडल्यावर तो त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. धोंडुबाईनं आत बोलावलं नाही. तो रोज जात राहिला. शेवटी पट्टीला न्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून एका सकाळी तिनं न बोलता ज्ञानूला बाहेर आणलं आणि पिराजीच्या स्कूटरवर मागं बसवलं. तेव्हापासून तेच चालू झालं. ज्ञानू मागं बसायचा, त्याच्या खांद्याला धरायचं टाळून सीटखालचा दांडा धरायचा.  पिराजी खड्डे चुकवत गाडी चालवायचा. माफी मागायला तोंड उघडावं असं त्याला पुष्कळदा वाटे, पण मागितली तर ज्ञानूला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझंही त्याच्यावर टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटून तो गप्प राही.

एकदा दवाखान्याच्या फाटकात एक बाई समोर आली. गुरुवारच्या गर्दीतली. महाराज, महाराज करत ती खाली वाकली. पिराजी मागं सरला. ती पुढं सरकली. लोक बघायला लागले. त्याचा चेहरा लालबुंद झाला; काहीही सांगितलं तरी ते नम्रपणातच जमा होणार, हे त्याला आता पक्कं माहीत झालं होतं.

ज्ञानू काठीवर भार टाकून बाजूला उभा होता. त्यानं खाकरून घसा साफ केला.

"बाई, उठा," तो म्हणाला. "त्येला साखर हाय. माझ्यागतच."

बाई गोंधळून उभी राहिली. एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं, पदर सावरला आणि निघून गेली. ज्ञानूनं पिराजीकडं बघितलं नाही. आज रांग मोठी दिसतीया, लवकर चल, असं काहीसं पुटपुटून तो काठी टेकत पायरीकडं निघाला. पिराजीनं स्कूटर सावलीत लावली, हँडल लॉक केलं आणि त्याच्या मागं दोन पावलं अंतर ठेवून चालू लागला.